सलग डीजे मिक्स ऑडिओ सीडीवर घेताना: मिक्स तोडू नये, खुणा कराव्यात

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण लॅपटॉप आणि कंट्रोलरवर ७६ मिनिटांचे सलग मिक्स रेकॉर्ड केले आहे. घरच्या जुन्या गाडीतील स्टीरिओला पेनड्राइव्हची सोय नसल्यामुळे ते ऑडिओ सीडीवर हवे आहे आणि थोरल्या भावाच्या लग्नानंतर जवळच्या पाहुण्यांनाही त्याच्या काही प्रती द्यायच्या आहेत. मिक्सचे गाण्यागणिक तुकडे करून सीडी राइट केली, तेव्हा दर दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता आली. मग संपूर्ण मिक्सची एकच फाइल टाकून पाहिली, तर शांतता गेली, पण बटण दाबून पुढच्या गाण्यावर जाता येईना. शिवाय ८०० एमबीची फाइल ७०० एमबीच्या सीडीवर मावली कशी, हेही कोडे आपल्याला पडले आहे.

लातूरमध्ये ध्वनिमुद्रणाचे काम करताना ही अडचण घेऊन येणारी मुले मला नेहमी भेटतात. बहुतेक जण गाणी वेगळी करणे आणि मिक्सचे तुकडे करणे ही एकच गोष्ट मानतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ऑडिओ सीडीवरचा आवाज ही आतून बाहेर जाणारी एकच सलग सर्पिल रेघ असते. कोणते गाणे कुठे सुरू होते, याची यादी सीडीच्या अगदी आतल्या भागात स्वतंत्रपणे लिहिलेली असते. प्लेअर ती यादी वाचून त्या जागेवर उडी मारतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाने रस्ता तुटत नाही, तसे गाण्याची खूण केल्याने आवाज तुटत नाही. त्यामुळे सलगपणा आणि गाणी बदलण्याची सोय या दोन्ही गोष्टी एकाच सीडीवर मिळू शकतात. त्यासाठी मिक्सची फाइल अखंड ठेवायची आणि खुणांची यादी वेगळी द्यायची.

मग ती दोन सेकंदांची शांतता येते कुठून? सीडी राइट करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘ट्रॅक ॲट वन्स’ या पद्धतीत राइटर एक गाणे लिहितो, लेझर बंद करतो आणि मग पुढचे गाणे लिहायला घेतो. दोन गाण्यांमध्ये तो सहसा दोन सेकंदांची मोकळी जागा सोडतो. ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धतीत लेझर पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत बंदच होत नाही, त्यामुळे मध्ये जागा सुटण्याचा प्रश्न उरत नाही. सलग मिक्ससाठी दुसरीच पद्धत वापरायला हवी, त्याला पर्याय नाही. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण आपले मिक्स १२५ बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला १२५ ठोक्यांचे, असेल तर एक ठोका ०.४८ सेकंदाचा होतो. म्हणजे त्या शांततेत चार ठोके जातात आणि वर थोडा भाग उरतो. नाचणाऱ्याचा पाय त्या उरलेल्या भागात चुकतो.

मात्र पद्धत बरोबर निवडूनही काही वेळा प्रत्येक गाण्याच्या सांध्यावर ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. त्याचे कारण निराळे आहे. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दर चॅनेलचे (डाव्या आणि उजव्या बाजूचे प्रत्येकी) ५८८ नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापे, बसतात. गाणे अर्ध्या फ्रेमवर संपत नाही. आपण वेव्ह फाइल (आवाज न आवळता जशाचा तसा साठवणारी) मनाला येईल तिथे कापली आणि तुकड्याची शेवटची फ्रेम अर्धवट राहिली, तर राइट करणारा प्रोग्राम उरलेली जागा शांततेने भरतो. ही शांतता सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापेक्षाही कमी असते, पण त्या क्षणी बेस चालू असेल तर कान ती लगेच पकडतो. तुकडे एमपीथ्रीचे असतील तर आणखी एक अडचण येते. एमपीथ्री तयार होताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामा भाग जोडला जातो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर छोटासा हिसका बसतो. म्हणून आधी खंड कसा ऐकू येतो ते नीट ऐकावे. पूर्ण दोन सेकंद शांतता असेल तर राइटिंगची पद्धत चुकली आहे, नुसती टिक असेल तर कापण्याची जागा चुकली आहे आणि ठोका किंचित अडखळत असेल तर बहुधा एमपीथ्रीचे तुकडे वापरले गेले आहेत.

आता फाइलकडे वळू. ऑडिओ सीडीचे माप फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवले आणि ते आजही तेच आहे: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ. आपले रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ किंवा २४ बिटमध्ये झाले असेल, तर ते या मापात आणावे लागेल. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये प्रोजेक्टचा दर ४४१०० ठेवून १६ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट केले की काम होते. हे रूपांतर एकदाच आणि संपूर्ण मिक्सचे एकत्र करावे. मूळ रेकॉर्डिंगच एमपीथ्रीमध्ये असेल, तरी ती अख्खी फाइल आधी वेव्ह करून घ्यावी. त्याने गेलेला दर्जा परत येत नाही, पण सांध्यावरचे हिसके टळतात. पुढच्या वेळी मात्र रेकॉर्डिंग सुरुवातीपासूनच वेव्हमध्ये करावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

८०० एमबीचे कोडे याच मापातून सुटते. या मापाच्या वेव्हला मिनिटाला सुमारे १०.६ एमबी लागतात, म्हणून ७६ मिनिटांची फाइल ८०० एमबीच्या आसपास जाते. सीडीवर लिहिलेले ७०० एमबी ही डेटाची क्षमता आहे. डेटा लिहिताना प्रत्येक फ्रेमच्या जागेतील २०४८ बाइटच वापरात येतात आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्याच्या माहितीसाठी राखली जाते. ऑडिओ लिहिताना त्याच जागेत २३५२ बाइट आवाजासाठी मिळतात. त्यामुळे ऑडिओ सीडीच्या बाबतीत एमबीकडे न पाहता मिनिटांकडे पाहावे. ८० मिनिटांच्या सीडीवर आपले मिक्स आरामात बसते.

आवाजाच्या पातळीबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण सीडी उत्तम राइट होऊनही ऐकताना निराशा होते ती बहुतेक वेळा इथे. रेकॉर्डिंग करताना मिक्सरचे मीटर लाल दिव्यात राहिले असेल, तर लहरींचे माथे कापले गेलेले असतात आणि फाइल उघडल्यावर ते सपाट दिसतात. असे मिक्स नंतर पूर्ववत होत नाही. मिक्स पुन्हा वाजवणे शक्य असेल तर पातळी खाली घेऊन नव्याने रेकॉर्ड करणे हाच खरा उपाय आहे. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल, तर संपूर्ण मिक्सचा सर्वांत उंच माथा उणे १ डेसिबलवर येईल एवढी पातळी वाढवावी आणि तिथेच थांबावे. दुसरी गोष्ट अशी की राइट करणाऱ्या काही प्रोग्राममध्ये सर्व गाण्यांचा आवाज सारखा करण्याचा पर्याय असतो. विंडोज मीडिया प्लेअरमध्येही तो आहे. मिक्ससाठी तो बंदच ठेवावा. आपण फेडरने (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीने) हळूहळू चढवलेला आवाज तो प्रत्येक खुणेपाशी वरखाली करतो आणि मिक्सची चढण पार बिघडते.

खूण नेमकी कुठे करावी, हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे, आणि याचे उत्तर मिक्सवर अवलंबून असते. दोन गाणी तीस-चाळीस सेकंद एकमेकांत मिसळलेली असतात. मग नवे गाणे ‘सुरू’ कधी झाले म्हणायचे? पुढील गाण्याचा पहिला आवाज कानावर पडतो तिथे खूण केली, तर बटण दाबणाऱ्याला आधीचेच गाणे बराच वेळ ऐकावे लागते. जुने गाणे पूर्ण विरल्यावर खूण केली, तर नव्या गाण्याची उठावणी हातची जाते. मी सहसा बेस बदलतो ती जागा धरतो. जुन्या गाण्याचा बेस काढून नव्याचा आत घेतो, त्या क्षणापासून ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नवे गाणे सुरू झालेले असते.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या वरातीच्या मिक्समध्ये गोंधळाचे गाणे आणि त्यानंतर हिंदी नाचाचे गाणे हा क्रम नेहमीचा आहे. गोंधळ संपत येताना गायकाचा आवाज थांबतो, संबळ एकटा घुमत राहतो आणि त्याच्या खाली हिंदी गाण्याचा किक ड्रम हळूच येऊ लागतो. आठ बार असे दोन्ही चालतात. १२५ बीपीएमला चार ठोक्यांचे आठ बार म्हणजे १५ सेकंदांहून थोडे अधिक. मग संबळाचा खालचा घुमारा काढला जातो आणि हिंदी गाण्याचा बेस पूर्ण ताकदीने पडतो. खूण या ठोक्याची करायची. मात्र ती ठोक्यावर न ठेवता आठ-दहा फ्रेम आधी ठेवावी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दशांश-सप्तमांश भागाइतकी अलीकडे. याचे कारण असे की उडी मारल्यानंतर अनेक प्लेअर, विशेषतः गाडीतले, आवाज खुला करायला क्षणभर घेतात. खूण बरोबर ठोक्यावर असेल तर त्या ठोक्याची धारच कापली जाते आणि गाणे लंगडत सुरू झाल्यासारखे वाटते. आधीच्या गाण्याची बारीकशी शेपटी ऐकू आली तरी चालेल, पहिला ठोका मात्र अखंड आला पाहिजे.

संबळावरचा तो बदल इतका स्पष्ट नसेल, दोन्ही गाणी एकाच ठेक्याची असतील किंवा मिक्समध्ये चार-चार ओळींचे झटपट तुकडे असतील, तर प्रत्येक तुकड्याला खूण देण्याचा हट्ट धरू नये. सीडीवर ९९ पर्यंत गाणी करता येतात आणि एक गाणे किमान चार सेकंदांचे असावे लागते, पण नियमात बसते म्हणून साठ खुणा केल्या तर गाडी चालवणाऱ्याला हवे ते गाणे सापडणार नाही. झटपट तुकड्यांचा अख्खा गट एकाच खुणेखाली ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते.

प्रत्यक्ष काम ऑडॅसिटीत असे होते. मिक्स वाजवत ठेवावे आणि बदलाच्या जागी कंट्रोल व एम ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे लेबल पडते. नंतर प्रत्येक लेबलाजवळ लहरी मोठ्या करून जागा नेमकी करावी. खालच्या पट्टीतील वेळ दाखवण्याची पद्धत बदलून ‘तास, मिनिटे, सेकंद आणि सीडीडीए फ्रेम्स’ अशी ठेवली, तर प्रत्येक जागा थेट फ्रेममध्ये वाचता येते. हा आकडा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवायचा, तिलाच क्यू शीट म्हणतात. तिच्या पहिल्या ओळीत वेव्ह फाइलचे नाव येते. त्यानंतर प्रत्येक गाण्यासाठी ट्रॅकचा क्रमांक, गाण्याचे नाव आणि ‘इंडेक्स ०१’ पुढे मिनिटे, सेकंद व फ्रेम. समजा, दुसऱ्या गाण्याची खूण २५२.५ सेकंदांवर आहे. ती होते ४ मिनिटे १२ सेकंद, आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदाच्या साडेसदतीस फ्रेम. अर्धी फ्रेम नसते, म्हणून खालचा आकडा घेऊन ०४:१२:३७ असे लिहावे. पहिल्या गाण्याचा इंडेक्स नेहमी ००:००:०० असतो. ‘इंडेक्स ००’ कुठेही लिहू नये, कारण तो गाण्यांमधील विरामासाठी आहे आणि आपल्याला विराम नकोच आहे.

क्यू शीटमधील आज्ञा इंग्रजी अक्षरांत असाव्या लागतात. गाण्यांची नावेही रोमन अक्षरांतच लिहावीत. ही नावे सीडी टेक्स्ट म्हणून प्लेअरच्या पडद्यावर दिसू शकतात, पण सीडी टेक्स्टमध्ये देवनागरीची सोय नाही. जुन्या स्टीरिओवर ती मुळीच दिसणार नाहीत, त्याने काही बिघडत नाही. वेव्ह आणि क्यू या दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून विंडोजवर इमेजबर्नमध्ये क्यू फाइल उघडली की तो प्रोग्राम डिस्क ॲट वन्स पद्धतीने सलग सीडी लिहितो. लिनक्सवर के-थ्री-बी हेच काम करतो. क्यू शीटचा अजिबात कंटाळा असेल, तर तुकडे करण्याचा मार्गही आहे. त्यात सर्व लेबले फ्रेमच्या सीमेवर आणून वेव्हचेच तुकडे काढावे लागतात आणि राइट करताना गाण्यांमधील अंतर शून्य करावे लागते. निकाल तोच मिळतो, पण चूक होण्याच्या जागा वाढतात, म्हणून मी तो सुचवत नाही.

कोरी सीडी साधी सीडी-आर घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू लेझरचा प्रकाश फार कमी परत फेकते, त्यामुळे जुने स्टीरिओ तिला बहुधा ओळखतच नाहीत. वेग १६ किंवा २४ पट ठेवावा. अगदी कमी वेगाने सीडी चांगली होते हा समज जुना आहे. आताच्या कोऱ्या सीडी आणि राइटर मधल्या वेगासाठीच बनवलेले असतात. १६ पट वेगाने आपले मिक्स पाच-सहा मिनिटांत लिहून होईल. ती पाच-सहा मिनिटे वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि अर्धवट लिहिलेली सीडी टाकूनच द्यावी लागते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, आणि बाहेरून जोडलेला राइटर असेल तर तो हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडावा. लिहून झाल्यावर सीडी बंद करण्याचा, म्हणजे फायनलाइज करण्याचा पर्याय चालू ठेवावा. बंद न केलेली सीडी संगणकावर वाजेल, गाडीत वाजणार नाही.

आपले मिक्स ७६ मिनिटांचे आहे म्हणून हा प्रश्न येत नाही, पण हेच विचारणाऱ्या अनेकांचे मिक्स ८२-८३ मिनिटांचे असते. काही जण क्षमतेपेक्षा जास्त लिहून पाहतात. शेवटची मिनिटे सीडीच्या कडेला जातात आणि गाडीतले प्लेअर नेमके तिथेच अडखळतात. काही जण मिक्सचा वेग वाढवतात. ८२ मिनिटांचे मिक्स ३ टक्के वेगवान केले तर ते ८० मिनिटांच्या आत येते खरे, पण स्वर जवळजवळ अर्ध्या सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतर) चढतो आणि ओळखीच्या गायकाचा आवाज परका वाटू लागतो. स्वर न बदलता वेळ आखडणारी सोय वापरली तर हलगी आणि संबळाच्या थापेची धार बोथट होते. माझ्या मते अशा वेळी मिक्स दोन सीडींवर घ्यावे आणि जिथे ठेका थांबून केवळ सूर किंवा आलाप उरतो, तिथे फेड देऊन पहिली सीडी संपवावी.

पहिली प्रत तयार झाली की ती ज्या गाडीसाठी आहे त्याच गाडीत ऐकावी, आणि तीही दोन प्रकारे: एकदा सलग, सांध्यांवर लक्ष ठेवून, आणि एकदा पुढचे बटण दाबत प्रत्येक गाण्याची सुरुवात तपासत. संगणकावर सलग वाजणारी सीडी गाडीत मात्र प्रत्येक खुणेवर क्षणभर गप्प होत असेल, तर दोष सीडीचा नसून त्या प्लेअरचा असतो. तसे असेल तर त्या गाडीसाठी खुणा कमी करून दहा-पंधरा मिनिटांचे मोठे भाग ठेवणे हाच मार्ग उरतो. बाकीच्या प्रती ही पहिली प्रत पसंत पडल्यावरच काढाव्यात.

पाहुण्यांना द्यायच्या प्रतींवर कागदी लेबल चिकटवू नये. ते किंचित वाकडे बसले तरी सीडीचा तोल जातो, आणि उन्हात सुटू लागले तर स्टीरिओच्या फटीत अडकते. सीडीवर लिहायला मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा मार्कर वापरावा. आवाज साठवणारा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, त्यामुळे बॉलपेनचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो. सीडी-आर मधला रंगथर उष्णता आणि ऊन दोन्ही सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो हे आपण जाणतोच, तेव्हा सीडी तिथे न ठेवता कडक डबीत घालून आसनाखाली ठेवायला प्रत्येकाला सांगावे. मूळ वेव्ह आणि क्यू फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात, म्हणजे एखाद्याची सीडी खराब झाली तर नवी प्रत काढायला पुन्हा खुणा कराव्या लागणार नाहीत. या प्रती विकण्याचा विचार मनात आला, तर मात्र त्याआधी मिक्समधील प्रत्येक गाण्याच्या हक्कधारक कंपनीची परवानगी घ्यावी लागेल.